पावसाची नोंद संगणकाच्या फाईलमध्ये
(वेरूळ येथे शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



वेरूळ म्हटले की लेणी आठवतात. इतिहासाच्या अभ्यासकांना मात्र येथील एक ताम्रपटही तितकाच मोलाचा वाटतो. राष्ट्रकूट राजा दंतिदुर्ग याच्या त्या ताम्रपटावर शके ६६३ हे वर्ष वाचले जाते आणि त्यामुळेच त्या काळाचा हिशेब लावता येतो. आज ज्या नोंदीविषयी बोलावयाचे आहे, ती पावसाची. पण तिचे मोलही असेच तारखेवर अवलंबून आहे.

महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टी मानली जाते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ६४ आणि ६६ यांतील अंतर केवळ दोन मिलिमीटरचे नसते. राज्यात २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पाखाली मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. परंतु डोंगराच्या कडेला असलेल्या मुलखात दोन शिवारांत पाऊस सारखा पडत नाही. अधिकृत आकडा मंडळाचाच राहील, हे खरे. तथापि दाद मागताना गावाच्या हाती स्वतःची अखंड नोंद असणे इष्ट होय.

शाळेत हे यंत्र सहज करता येते. पर्जन्यमापकात तराजूसारखे दोन कप्पे असतात. ठराविक पाणी साचले की एक कप्पा कलंडतो व चुंबकाने चालणारा स्विच क्षणभर जुळतो. ‘आर्डुइनो उनो’सारखा मायक्रोकंट्रोलर हे कलंडणे मोजतो. परंतु त्याची कार्यस्मृती अवघी २ किलोबाइट असते आणि वीज गेली की ती पुसली जाते. त्याला घड्याळाची वेळही ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक आकडा यूएसबी तारेने संगणकाकडे धाडावा. दोन्ही टोकांना वेग एकच, उदाहरणार्थ ९६००, ठेवावा. नाहीतर अर्थहीन अक्षरे उमटतात. संगणकावरील पायथन भाषेतील छोटा प्रोग्राम आलेल्या ओळीपुढे तारीख व वेळ घालून ती सीएसव्ही फाईलमध्ये लिहितो.

येथे दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. फाईल ‘पुढे जोडणे’ या पद्धतीने उघडावी. ‘नव्याने लिहिणे’ या पद्धतीने उघडली तर सारा मागील पावसाळा क्षणात नाहीसा होतो. दुसरे असे की, प्रोग्रामने तारेची जोडणी उघडताच उनो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो व त्यातील मोजणी शून्यावर येते. यास्तव एकूण बेरीज यंत्रावर सोपवू नये. दर दहा मिनिटांचा आकडा पाठवावा व बेरीज संगणकाने करावी.

पाऊस नसला तरीही दर दहा मिनिटांनी शून्य लिहिले गेलेच पाहिजे. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. कोरी जागा म्हणजे कोणी पाहिलेच नाही. या दोहोंची गल्लत झाली की नोंदीवरचा विश्वास उडतो.

दिवसाची बेरीज हवामान खात्याच्या रीतीप्रमाणे सकाळी साडेआठ ते साडेआठ अशी करावी, म्हणजे मंडळाच्या आकड्याशी तुलना करता येईल. जोराच्या पावसातच वीज जाते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा यंत्र व संगणक या दोघांनाही बॅटरीचा आधार हवा. शेजारी साधा हाती पर्जन्यमापक ठेवून विद्यार्थ्यांनी पडताळा घ्यावा. महिन्याकाठी फाईलची एक प्रत ग्रामपंचायतीत जमा करावी, आणि गुरुजींची बदली झाल्यास कार्यभार यादीत या फाईलचा स्वतंत्र उल्लेख करावा.