घरचा संगणक आणि खाजगी खिडकी
(शिक्षक मेळाव्यातील भाषण)



घरात संगणक आला म्हणजे सातवी-आठवीच्या मुलांचे पालक सल्ल्यासाठी आपल्याकडेच येणार. "मुलगा तासन्‌तास बसतो, पण काय पाहिले त्याची यादी कोरीच असते," अशी त्यांची तक्रार असते. अशा वेळी बहुधा ब्राउझरमधील खाजगी खिडकी वापरलेली असते. क्रोममध्ये तिला इनकॉग्निटो म्हणतात, तर एजमध्ये इनप्रायव्हेट.

ही खिडकी बंद करताच पाहिलेल्या पानांची नोंद त्या संगणकावर उरत नाही. तिचे कार्य एवढेच. पाहिलेल्या संकेतस्थळास व इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीस ती भेट कळू शकते. सबब 'कोणालाच कळत नाही' हा मुलांचा समज चुकीचा आहे, हे वर्गात अवश्य सांगावे.

ही सोय बंद करता येते. मुलाचे खाते निराळे व साधे असावे. व्यवस्थापकाचे खाते आणि त्याचा पासवर्ड पालकांपाशी राहावा. मायक्रोसॉफ्टच्या 'फॅमिली सेफ्टी'मध्ये अयोग्य संकेतस्थळांची चाळणी लावली असता एजमधील खाजगी खिडकी उघडत नाही. क्रोमसाठी विंडोजच्या रजिस्ट्रीत 'इनकॉग्निटो मोड अव्हेलेबिलिटी' या नोंदीचे मूल्य १ ठेवावे लागते. हे काम जाणकाराकडूनच करवून घ्यावे.

तथापि हे कुलूप मुलास न सांगता लावू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यातील टेंभली येथे देण्यात आले. पुढे त्याच योजनेविरुद्धच्या दाव्यातून निघालेल्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. वाढत्या वयाच्या मुलासही आपला असा थोडा कोपरा हवा असतो. शरीरातील बदलांविषयीचा एखादा प्रश्न त्याला आईवडिलांस विचारण्याचा संकोच वाटतो. चोरून पाळत ठेवली तर ते मित्राचा मोबाईल घेईल, आणि घरचा संगणक निर्वेध राहूनही मूल मात्र हातचे जाईल.

याहून गंभीर गोष्ट अशी की, एखादा अनोळखी इसम छायाचित्रांवरून मुलीस धमकावीत असेल, तर शिक्षेच्या भयाने ती गप्प राहते. "काहीही घडले तरी आम्हांस सांग, आम्ही रागावणार नाही," हे आश्वासन तिला आधीच मिळालेले असले पाहिजे. बालकांच्या साहाय्यासाठी १०९८ व सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हे दूरध्वनी क्रमांक शाळेच्या फलकावर लिहून ठेवावेत.

यास्तव येत्या पालकसभेत तीन गोष्टी सांगाव्यात: संगणक ओसरीवर, सर्वांच्या नजरेसमोर ठेवावा, खाजगी खिडकी मुलास कारण समजावून त्याच्यादेखत बंद करावी, आणि मूल मोठे होईल तसतसे हे निर्बंध सैल करावेत. ज्या पालकांस अक्षरओळख नाही, त्यांच्या घरी आपण स्वतः जाऊन हे काम करून द्यावे, अशी माझी विनंती आहे.