धान्याचा प्रवास दिसला पाहिजे
(चारकोप येथील भाषण)



आपण जेथे जमलो आहोत ती चारकोपची वसाहत 1985 साली सुरू झालेल्या, जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पातून आकारास आली. येथील शिधापत्रिकाधारकास धान्य दुकानात मिळते; परंतु त्याचा प्रवास दूरच्या गोदामापासून सुरू होतो. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा 5 किलो, तर अंत्योदय कुटुंबास 35 किलो धान्याचा हक्क दिला. हा हक्क वाटेत कोठे अडला, हे कळावे कसे?

गोदामातून उचल, वाहतूक, दुकानी पोच आणि ई-पॉस यंत्रावरील वाटप, या प्रत्येक घटनेची नोंद संगणकप्रणाली ठेवू शकते. ठरल्या दिवशी पोच नोंदली गेली नाही, तर अधिकाऱ्यास त्याच दिवशी इशारा मिळावा. महिनाअखेरच्या अहवालाची वाट पाहण्याची वेळ येऊ नये.

मात्र यंत्रास नोंदीपलीकडचे दिसत नाही. पोत्यात घट आली, किंवा अंगठा जुळला नाही म्हणून एखादी वृद्धा रिकाम्या हाती परतली, तर त्याची विचारपूस माणसानेच केली पाहिजे. कायद्याने दक्षता समित्या त्यासाठीच नेमावयास सांगितल्या आहेत. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी या नोंदी वाचाव्यात, प्रश्न विचारावेत. नोंद आणि पोते यांचा मेळ बसला, तरच हक्क घरी पोचला असे म्हणता येईल.