दर्शन नसलेलं देऊळ

इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, जिथून कुठून ऐकत असाल तिथून आज आपल्याला जपानला जायचंय. मिए प्रांतातल्या ईसे गावी. शिंतो धर्माचं सगळ्यांत मानाचं देवस्थान तिथे आहे.

ईसे म्हणजे एक देऊळ नव्हे, लहानमोठ्या 125 देवळांचा परिवार आहे. मुख्य दोन. आतलं नाइकू, सूर्यदेवी आमातेरासुचं. बाहेरचं गेकू, अन्नाची देवता तोयोउकेचं. रिवाज असा, की आधी गेकूला जायचं, मग नाइकूला.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर तिथे हिरमोड होईल. ईसेला दर्शन नाही. मुख्य देऊळ लाकडी कुंपणांच्या आत आहे आणि आपण बाहेरच्या दारापर्यंतच जातो. दारावर पांढरा पडदा. वाऱ्यानं तो हलला तर आतला गोट्यांनी भरलेला चौक दिसतो, तेवढंच. घंटा नाही, रंगरंगोटी नाही. फोटो पायऱ्यांच्या खालूनच काढायचा. आणि हो, पादत्राणं काढायची नाहीत! आपला हात सवयीनं बुटाकडे जातो, त्याला आवरायचं.

मग आपण करायचं काय? इसुझु नदीवरच्या उजी पुलावरून आत शिरायचं, पुलाच्या उजव्या बाजूनं चालायचं. गेकूत मात्र डावीकडून. मग पाणी. लाकडी पळीनं आधी डावा हात, मग उजवा, मग ओंजळीत घेऊन चूळ, शेवटी पळी उभी धरून तिचा दांडा धुवायचा, पुढच्या माणसासाठी. नाइकूत हेच थेट नदीकाठी उतरून करता येतं, आणि मला विचाराल तर तिथेच करावं. मग दारासमोर दोनदा कमरेत वाकून नमस्कार, दोन टाळ्या, पुन्हा एक नमस्कार. झालं. इथे आभार मानायचे, मागणं मागायचं नाही, असं जाणती माणसं सांगतात.

विधी जवळून बघायचाच असेल तर कागुरा करवून घेता येतो. दक्षिणा भरून नाव द्यायचं. पुजारी प्रार्थना म्हणतात, त्यात तुमचं नाव येतं, आणि दरबारी वाद्यांच्या साथीनं संथ नाच होतो.

पण ईसेचा प्राण ज्या विधीत आहे तो आपल्यासाठी नाहीच. गेकूत रोज सकाळ-संध्याकाळ देवतांना नैवेद्य दाखवतात. परंपरेनुसार दीड हजार वर्षं. पुजारी आदल्या रात्रीपासून देवळाच्या आवारात राहून शुचिर्भूत होतात. विस्तव काडीनं पेटवत नाहीत, लाकडावर लाकूड घुसळून काढतात. आपल्याकडच्या यज्ञातलं अरणीमंथन आठवलं ना? पाणी ठरावीक विहिरीचं, भात देवस्थानच्याच शेतातला, मीठही त्यांचंच. सोबत मासे, समुद्री शेवाळ, भाजी, फळं, साके. बघायला कुणी असो वा नसो, पाऊस असो, ताट वेळेवर जातं. मला हे फार मोठं वाटतं. आपण देवळात जातो ते बघायला. इथे बघणाऱ्यावाचून काहीच अडत नाही.

आता ते देऊळ किती जुनं? इथे लोकांचा गोंधळ उडतो. दर 20 वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर हुबेहूब नवं देऊळ बांधतात, देवीला रात्री तिकडे नेतात, जुनं उतरवतात. याला शिकिनेन सेन्गू म्हणतात. नाइकूचं पहिलं 690 साली झालं, बासष्टावं 2013 साली. पुरीला जगन्नाथाच्या मूर्ती बदलतात, इथे अख्खं देऊळच. काही जण नाक मुरडतात, की मग हे जुनं कसलं? मला उलट वाटतं. लाकूड कुजतं, गवताचं छप्पर कुजतं. टिकवायचा असतो तो सुताराचा हात. विशीत शिकलेला माणूस चाळिशीत काम सांभाळतो आणि साठीत शिकवतो. शिवाय देवीची वस्त्रं, शस्त्रं, अलंकारही नव्यानं घडवावे लागतात, म्हणजे विणकर आणि लोहारही आले.

हे आपोआप चाललेलं नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या यादवीत ही साखळी 120 वर्षांहून अधिक काळ तुटली होती. नाइकूत ती 1585 साली पुन्हा जुळली. पुढे महायुद्धातल्या पराभवानंतर सरकारी पैसा बंद झाला आणि 1949 चं सेन्गू लांबणीवर पडलं. तेव्हा निदान पूल तरी नवा करू, म्हणून उजी पूल ठरल्या वर्षीच बांधला. देवळाला 1953 उजाडलं. तेव्हापासून पूल देवळाच्या चार वर्षं आधी होतो.

त्रेसष्टावं सेन्गू 2033 साली आहे. त्याची सुरुवात 2025 मध्येच झाली. किसोच्या जंगलात हिनोकीचं झाड कुऱ्हाडींनी पाडलं, तीन बाजूंनी पोखरून, मध्ये खोडाचे तीन पाय ठेवून, म्हणजे ते नेमकं हव्या दिशेला पडतं. यंत्रानं ते लवकर झालं असतं, पण मग कुऱ्हाड धरायला शिकणार कोण?

जायचं ठरवलंत तर नागोयाहून आगगाडीनं साधारण दीड तास. आवार पहाटे पाचला उघडतं. तेव्हाच जा. गर्दी नसते, आणि खडीवर फक्त तुमच्याच पावलांचा आवाज येतो.