उसना केशभार

दुपारचीं कामें आटोपून बायका ओसरीवर टेकतात, त्या सुमारास आष्टीच्या एखाद्या गल्लींतून आरोळी ऐकूं येते : "केसांवर भांडींऽऽ!" बीड जिल्ह्यांतील या गांवालाच नव्हे, तर महाराष्ट्रांतील कित्येक गांवांना ही आरोळी परिचयाची आहे. फेरीवाला दारांत उभा राहतो. कोनाड्यांत खोंचलेला, खिळ्याला टांगलेल्या पिशवींत सांठविलेला केसांचा गुंतवळ बाहेर येतो. फेरीवाला तो हातांत घेऊन चाचपतो, तराजूंत घालतो आणि मोबदल्यांत एखादें पातेलें, एखादी वाटी, नाहीं तर लहान मुलासाठीं फुगा देऊन पुढच्या दाराकडे वळतो. गळलेले केस वाटेवर टाकूं नयेत असें बजावणारी आजी घरांत असतेच. त्याच केसांचें पातेलें झालेलें पाहून तीहि हंसते.

हा गुंतवळ पुढें जातो कोठें, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. त्याच्या प्रवासाच्या दुसऱ्या टोंकाला एक तरुणी आरशासमोर बसलेली असते. तिचे स्वतःचे केस खांद्यापर्यंतच आहेत. तिला ते कमरेपर्यंत हवे आहेत. तीन-चार तासांत तिच्या केसांना परक्या केसांच्या शंभर-सवाशें बटा चिकटविल्या जातात. या प्रकाराला शहरांत 'हेअर एक्स्टेन्शन' म्हणतात. लग्नसराईंत तर ही गोष्ट आतां मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाहीं. तेव्हां असे केस कोणीं लावावे, कोणीं लावूं नयेत, आणि लावल्यास ते कसे सांभाळावे, हें समजून घेणें अगत्याचें झालें आहे.

उसने केस ही कांहीं आजची नवलाई नव्हे. अथर्ववेदांत केस वाढावेत म्हणून वनस्पतीची प्रार्थना करणारीं सूक्तें आहेत. म्हणजे विरळ केसांची चिंता तितकी जुनी आहे. मिसर देशांतील प्राचीन थडग्यांतून मानवी केसांचे टोप सांपडले आहेत. आपल्याकडे तर 'गंगावन' हा शब्दच घरोघर नांदत होता. वेणी बारीक असली कीं तिच्या पेडांत गंगावन गुंफावयाचें, खोपा लहान पडला कीं त्याच्या आंत तें दडवावयाचें, ही युक्ति आईकडून मुलीकडे येत असे. रंगभूमीवर पुरुष स्त्रियांच्या भूमिका करीत, त्या काळीं टोप आणि गंगावन हें त्यांच्या पेटींतलें नित्याचें सामान होतें. 1913 सालीं निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या प्रयोगांना येणाऱ्या कुलीन स्त्रिया बालगंधर्वांची वेषभूषा आणि केशरचना न्याहाळून घरीं तिचें अनुकरण करीत, ही हकीकत प्रसिद्धच आहे.

जुनें गंगावन आणि आजचे चिकटविलेले केस यांत मात्र एक मोठा भेद आहे. गंगावन रात्रीं सुटत असे. अंथरुणावर पाठ टेकण्यापूर्वीं तें काढून, विंचरून, खुंटीला टांगलें जाई, आणि डोक्याला तेवढीच विश्रांति मिळे. चिकटविलेली बट रात्रींहि सुटत नाहीं. ती तीन-चार महिने डोक्यावरच असते. सारा गुण आणि सारा दोष या एका गोष्टींत आहे.

ही बट बसते कशी, तें पाहूं. परक्या केसांच्या बारीक झुपक्याच्या टोंकाला कृत्रिम डिंकासारखा पदार्थ लावलेला असतो. त्याला 'केराटिन बॉण्ड' म्हणतात. केराटिन म्हणजे केस आणि नखें ज्या द्रव्याचीं बनतात तें द्रव्य. आपल्या केसांची तितकीच बारीक बट घेऊन, मुळापासून थोडें अंतर सोडून, तापलेल्या चिमट्यानें तो डिंक वितळवितात आणि बोटांनीं वळून तांदळाच्या दाण्याएवढा सांधा करतात. एकेका बटीचें वजन सुमारें एक ग्रॅम. एका बटीनें कांहींच होत नाहीं. परंतु शंभर-सवाशें बटांचा भार रात्रंदिवस आपल्याच मुळांनीं वाहावयाचा असतो, हें विसरूं नये.

मनुष्याच्या डोक्यावर सुमारें एक लाख केस असतात. ते महिन्याला एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, आणि त्यांतील पन्नास ते शंभर रोज आपोआप गळतात. केस वाढला म्हणजे सांधा मुळापासून दूर सरकतो. चार महिन्यांत तो चार-पांच सेंटिमीटर खालीं येतो. मग बट मुळाभोंवतीं पिळूं लागते. दुसरी गोष्ट अशी कीं, सांध्यांत अडकलेला केस मुळापासून सुटला तरी खालीं पडत नाहीं. तो तेथेंच राहतो, शेजारच्या केसांत गुंततो, आणि विंचरण्याची हयगय झाली तर महिन्या-दोन महिन्यांत मुळाशीं नमद्यासारखा गोळा तयार होतो.

शेजारणीकडून भांडें उसनें आणावयाचें तर त्याचे तीन नेम प्रत्येक जुन्या घरांत असत : गरजेपुरतें आणावें, घांसूनपुसून ठेवावें, आणि वेळेवर परत करावें. उसन्या केसांना हेच तीन नेम लागू पडतात.

पहिला नेम गरजेचा. आष्टींतील एखाद्या घरचा प्रसंग कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावा. मुलगी शिकलेली, नोकरीला लागलेली. भाद्रपदांत तिला विषमज्वर झाला. ताप उतरला, अंगीं शक्ति आली. परंतु दिवाळीच्या सुमारास केस मूठमूठ गळूं लागले. लग्न माघांत ठरलेलें. मावशी म्हणाली, "अगं, घाबरतेस कशाला? नगरला जाऊन केस जोडून घेऊं. कुणाला कळणारसुद्धां नाहीं." 2022 च्या सप्टेंबरांत न्यू आष्टी ते अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, ही 66 किलोमीटरची आगगाडी सुरू झाल्यापासून नगर आणखीच जवळ आलें आहे. परंतु आई आधीं मुलीला घेऊन डॉक्टरांकडे गेली. त्यांनीं सांगितलें तें असें : मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनीं केस गळतात, कारण तापाच्या धक्क्यानें पुष्कळसे केस एकाच वेळीं विश्रांतीच्या अवस्थेंत जातात. मुळें मेलेलीं नसतात. सहा-नऊ महिन्यांत केस पुन्हां भरतात. मात्र उरलेल्या केसांवर आज ओझें बांधलें, तर बरें होऊं घातलेलें डोकें पुन्हां दुखावेल.

घरीं विचार सुरू झाला. मावशीचें म्हणणें, व्याही काय म्हणतील? तेव्हां आजीनें निकाल दिला : "सूनबाई, पोरीला ताप आला होता, केस गेले, येतील, असें त्यांना सांगून टाका. लपवून ठेवण्याजोगें यांत काय आहे? लग्नाच्या दिवशीं गंगावन घालूं आणि रात्रीं काढून ठेवूं." ज्या घरीं असा निकाल होतो, तेथें मुलीचे केस आणि मुलीचा मान दोन्ही राखले जातात.

केसांवरून स्त्रीची किंमत करण्याची खोड समाजाला फार जुनी आहे. पति वारला म्हणून विधवेचे केस उतरविणारी रूढि याच महाराष्ट्रांत होती, आणि 1890 सालीं मुंबईच्या नाभिकांनीं सभा भरवून विधवांच्या डोक्यास वस्तरा न लावण्याचा निश्चय केला, हेंहि याच महाराष्ट्रांत घडलें. केस नाहींत म्हणून मान खालीं घालावयास लावणें आणि केस कमी म्हणून मन खट्टू करणें, यांत अंतर आहे खरें. परंतु दोन्हींचें मूळ एक आहे. हौसेनें केस लावणारीनें खुशाल लावावे. लाजेनें, भीतीनें लावणारीनें मात्र आधीं ती लाज कोणाची आहे, हें पाहावें.

बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनीं असेच केस गळतात आणि वर्षाच्या आंत बहुधा भरून येतात. त्या काळांतहि चिकटविलेले केस वर्ज्य समजावे. चाई पडलेली असेल, टाळूवर फोड, खाज किंवा जखम असेल, तर प्रथम उपचार, मग शृंगार. कोणत्याहि डिंकानें कातडीस अपाय होतो कीं काय, हें दोन दिवस आधीं कानामागें थोडासा लावून पाहावें.

दुसरा नेम निगेचा. येथें मराठी घराला सर्वांत अवघड जाणारी गोष्ट म्हणजे तेल. डोक्यावर तेल थापटून घालणें ही आपल्याकडे मायेची खूण आहे. दिवाळींत तर अभ्यंगावांचून सण होत नाहीं. परंतु तेलानें सांध्याचा डिंक मऊ पडतो आणि बट निसटते. म्हणून सांधे असेपर्यंत तेल कानाच्या खालच्या भागाला, बोटांच्या टोंकांनीं, अगदीं थोडें लावावें; मुळांस लावूं नये. कंडिशनरलाहि हाच नियम. पहिले दोन दिवस केस भिजवूं नयेत. पुढें आठवड्यांतून दोनदां, डोकें सरळ ठेवून, सौम्य शांपूनें धुवावे. केस पुढें घेऊन, चोळून, गोळा करून धुणें सोडावें. शिकेकाई उत्तम खरी, परंतु तिचा चोथा सांध्यांत अडकून बसतो. आष्टीसारख्या अवर्षणाच्या मुलखांत पुष्कळ घरांना बोअरच्या जड पाण्याचा आधार असतो. अशा पाण्यांत साबणाचा चिकट साका केसांवर बसतो. म्हणून डोक्यास साबण लावूं नये, आणि शेवटचें पाणी भरपूर घ्यावें. जेथें उन्हाळ्यांत पाण्याच्या टांकीची वाट पाहावी लागते, तेथें कमरेपर्यंतचे केस धुण्यास किती पाणी लागेल, याचाहि हिशोब आधीं करावा.

विंचरतांना एका हातानें बट मुळाशीं धरून ठेवावी, टोंकापासून आरंभ करून हळूहळू वर यावें, म्हणजे ओढ मुळाला बसत नाहीं. दररोज बोटांनीं सांधे एकमेकांपासून सोडवावे. ओले केस घेऊन निजूं नये. निजतांना दोन सैल वेण्या घालाव्या. तापलेला चिमटा किंवा यंत्राची गरम हवा सांध्याजवळ नेऊं नये. अंबाडा घट्ट ओढून घालूं नये. जड गजरा माळावयाचा तर तो सांध्यांवर न खोंचतां खालीं, सैल वेणीवर माळावा. कपाळाच्या कडेला आणि कानशिलांवर केस नाजूक असतात. तेथें बटा लावूंच नयेत. मुळाशीं ठणका लागणें, बारीक पुटकुळ्या येणें, कानशिलावरचे केस तुटणें या धोक्याच्या खुणा आहेत. ताण तेथेंच थांबविला तर गेलेले केस परत येतात. महिनोन् महिने चालूं दिला तर मूळच करपतें आणि टक्कल कायमचें होतें.

तिसरा नेम परत करण्याचा. तीन महिने झाले, फार तर चार, कीं बटा काढल्याच पाहिजेत. "अजून चांगल्या दिसतात" ही सबब ऐकूं नये. त्या ओढून किंवा कात्रीनें कापून काढूं नयेत. सांध्यावर विशिष्ट द्रावणाचा थेंब सोडून, चिमट्यानें दाबून डिंकाचा चुरा करतात, म्हणजे बट अलगद निसटते. त्यानंतर अडकून राहिलेले गळके केस ओंजळभर निघतात. तें पाहून घाबरण्याचें कारण नाहीं, ते इतक्या महिन्यांत गळावयाचेच होते. मात्र ते कोरडेपणीं विंचरून काढावे आणि मग डोकें धुवावें. आधीं पाणी घातलें तर त्यांची जटा होते. पुन्हां लावण्यापूर्वीं डोक्यास कांहीं आठवडे मोकळे सोडावे. तेव्हांच आजीनें पोटभर तेल घालावें.

आतां पुन्हां त्या गुंतवळाकडे वळूं. तिरुमलेच्या देवस्थानांत भाविकांनीं अर्पण केलेले केस लिलांवानें विकले जातात. ते डोक्यावरून एकत्र उतरविलेले असल्यानें मूळ एका बाजूस आणि टोंक दुसऱ्या बाजूस राहतें. केसावर माशासारखे सूक्ष्म खवले असतात, त्यांची दिशा सारखी राहिल्यानें असे केस गुंतत नाहींत आणि महाग विकतात. गुंतवळाचें तसें नाहीं. त्यांत मूळ आणि टोंक सरमिसळ झालेलें असतें. कर्नाटकांत कोप्पळजवळ भाग्यनगर म्हणून गांव आहे. बीड आणि कोप्पळ हे दोन्ही मुलूख 1956 पर्यंत एकाच हैदराबाद राज्यांत होते. तेथें हा गुंतवळ सोडविण्याचा मोठा धंदा चालतो. मजूर स्त्रिया तासन् तास बसून एक-एक केस सुटा करतात, लांबीप्रमाणें जुड्या बांधतात. असा माल देशोदेशीं जातो. 2022 सालीं सरकारनें कच्च्या केसांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेंहि हें काम देशांतच व्हावें अशी व्यापाऱ्यांची मागणी असल्यामुळेंच.

दसरा-दिवाळी झाली कीं बीड जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें ऊसतोडीस बाहेर पडतात. पहाटे उठून, घाईघाईनें केसांवरून फणी फिरवून, डोक्यावर मोळी घेणाऱ्या त्या स्त्रीचा गुंतवळहि कोणा फेरीवाल्याच्या पिशवींत पडत असेल. तिला मिळते एक वाटी. दुसऱ्या टोंकाला त्याच केसांसाठीं हजारों रुपये मोजले जातात. केस लावणारीनें म्हणून ते लावूं नयेत, असा याचा अर्थ नव्हे. परंतु विकत घेतांना हे केस कोठून आले, हें एकदां विचारावें. आणि दारांतील फेरीवाल्याला गुंतवळ देतांना आपल्या सूनबाईनें भाव विचारावा. उसन्या भांड्याच्या तळाशीं मालकिणीचें नांव कोरलेलें असतें. उसन्या केसांवर तसें नांव नसतें, एवढ्यावरून ते कोणाचेच नव्हते असें होत नाहीं.