नकाशात काडी कुठे आहे?

15 फेब्रुवारीला आपल्याकडे वणव्याचा हंगाम लागतो, तो 15 जूनपर्यंत. त्याआधी जाळरेषा साफ होतात आणि हल्ली जीआयएसवर वणव्याच्या जोखमीचे लाल-पिवळे-हिरवे नकाशेही निघतात. छान असतात. पण माझं त्यांच्याशी एक भांडण आहे, आणि वेळ थोडा आहे म्हणून ते आधीच काढतो.

चूल पेटवायची तर सरपण वाळलेलं लागतं. नकाशा ते बघतो: साग कुठे, गवत कुठे, पानगळ किती, ओल किती उरली. जाळ वर चढतो, म्हणून डोंगराचा चढ बघतो. दक्षिणेकडे, पश्चिमेकडे तोंड असलेला उतार जास्त तापतो, त्याचेही गुण धरतो. एकेक थर एकावर एक ठेवायचा, गुणांची बेरीज करायची. सरपण झालं, चुलीची ठेवण झाली, फुंकणीही झाली. अहो, पण काडी? आपल्या रानात चूल आपोआप पेटत नाही!

काडीच्या नावानं नकाशात दोन थर असतात, रस्त्यापासूनचं अंतर आणि गावापासूनचं अंतर. आता मेळघाटात किंवा गडचिरोलीत मार्चअखेरीस जाऊन बघा. मोहाची फुलं पहाटे गळतात. लोक ती वेचायला येतात, पण पाल्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. जाळ तिथेच विझला तर ठीक, नाहीतर दुपारच्या वाऱ्यावर डोंगर चढतो. आणि ते झाड रस्त्यापासून कोसभर आतही असतं. नकाशात तिथे हिरवा रंग!

उपग्रह आहे की, असं कुणी म्हणेल. आहे ना. भारतीय वन सर्वेक्षणाचा इशारा मोबाइलवर येतो. पण त्यातला एक ठिपका म्हणजे 375 मीटरचा चौकोन, जवळजवळ पस्तीस एकर. शिवाय तो पेटल्यावर येतो. जुन्या वणव्यांवरून केलेला जोखमीचा नकाशा तर पाच-पाच किलोमीटरच्या चौकोनांचा. त्यात वनरक्षकाची अख्खी बीट मावते. त्यानं फायर वॉचरला नेमकं कुठे उभं करायचं?

म्हणून सांगतो, मोहाची झाडं नकाशावर आणा. वेचणाऱ्यांवर गुन्हे नोंदवायला नव्हे, बरं का. तसं केलंत तर एकही झाड कुणी दाखवणार नाही. फेब्रुवारीतच त्या झाडांखालचा पाला ओढून काढायला, फुलं झेलायला जाळी बांधून द्यायला. कुठलं झाड कुणाचं घर वेचतं, हे गावातल्या बायकांना तोंडपाठ असतं. वनरक्षकानं त्यांच्याबरोबर जीपीएस घेऊन फिरावं. मग त्या थराला गुण किती द्यायचे, चढापेक्षा जास्त की कमी, ते... असो, त्यावर वेगळं बोलावं लागेल.

तेंदूचं राहिलंच. नवी पालवी फुटावी म्हणून तिथेही आग लावतात, झुडपं छाटून काम भागत असताना. पण त्यात ठेकेदार येतो, आणि तो काही उरलेल्या अर्ध्या मिनिटात मावायचा नाही.