वेळेचे भांडवल

(शिक्रापूर येथे नवोद्योजक, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



शिक्रापूर हे रस्त्यांच्या संगमावरचे गाव आहे. पुणे-अहिल्यानगर महामार्ग येथून जातो आणि चाकणचा रस्ता येथेच त्यास येऊन मिळतो. एका अंगास सणसवाडी व कोरेगाव भीमा, तर दुसऱ्या अंगास रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे. ज्या घरांत पूर्वी केवळ ऊस-कांद्याचा विचार होत असे, त्या घरांतील मुले-मुली आज सुटे भाग घडविण्याचा अथवा संगणकीय सेवेचा व्यवसाय मांडीत आहेत. १६ जानेवारी २०१६ रोजी केंद्र शासनाने ‘स्टार्टअप इंडिया’ उपक्रम सुरू केल्यापासून या धडपडीस प्रतिष्ठाही लाभली आहे. जागा, यंत्रे व कर्ज यांची चर्चा आपण पुष्कळ करतो. परंतु जे भांडवल कोणतीही बँक देऊ शकत नाही, त्या वेळेविषयी आज बोलावे असे मी ठरविले आहे.

माझाच अनुभव सांगतो. दोन लेथ घेऊन मी काम सुरू केले, तेव्हा पहाटेपासून रात्रीपर्यंत राबत असे आणि त्याचा मला अभिमानही होता. एकदा एका मोठ्या कारखान्याने नव्या भागाचा नमुना मागविला. त्याच आठवड्यात जुन्या बिलाच्या वसुलीसाठी तीन दिवस खेटे घातले, एक दिवस दाखल्यासाठी कचेरीत बसलो आणि एक दिवस वाहनांच्या रांगेत गेला. नमुना पोचला तेव्हा काम दुसऱ्यास मिळाले होते. मी क्षणभरही आळस केला नव्हता. तरीही नव्याने ठेवलेल्या दोन कारागिरांना मला घरी पाठवावे लागले.

आपण शेतकऱ्यांची लेकरे आहोत. जमिनीला वाफसा आला की त्या दिवशी पेरणी सोडून कोणी अन्य कामास हात घालीत नाही. उद्योगासही असाच वाफसा असतो. तो ओळखणे, हेच वेळेचे नियोजन होय.

यासाठी प्रथम पंधरा दिवस एक वही ठेवावी आणि दर तासाचा जमाखर्च लिहावा. मग कामांचे तीन भाग करावेत: जे केवळ मालकानेच करावयाचे ते, जे दुसऱ्यास शिकवून सोपविता येईल ते, आणि जे न केले तरी चालेल ते. सकाळचे पहिले दोन तास पहिल्या भागासाठी राखून ठेवावेत. कागदपत्रांसाठी आठवड्यातील एक वार ठरवावा. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यास वस्तू व सेवा कराच्या ११ व २० या तारखा, तसेच भविष्य निर्वाह निधी व कामगार विम्याची १५ तारीख अगोदरच ठाऊक असते. तिची धावपळ आदल्या रात्री होण्याचे कारण नाही.

वसुलीच्या खेट्यांवरही उपाय आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ अन्वये सूक्ष्म व लघु पुरवठादारास लेखी करार नसल्यास १५ दिवसांत, आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय ठरते आणि सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. त्यासाठी ‘उद्यम’ नोंदणी पहिल्याच दिवशी करून घ्यावी व करारात मुदत लिहून घ्यावी.

मात्र सारा भार उद्योजकावर टाकून आपणांस मोकळे होता येणार नाही. येथे अधिकारी आणि पंचायत सदस्य बसलेले आहेत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. पुरेशा कारणावाचून विलंब करणाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये शास्तीची तरतूद आहे. परंतु शास्तीच्या भयापेक्षा एक गोष्ट ध्यानी असावी. ‘उद्या या’ या दोन शब्दांची किंमत टेबलाच्या अलीकडे काहीच नसते. पलीकडे ती एका कारागिराच्या रोजगाराएवढी असू शकते. शिक्षकांनी मुलांना घड्याळ वाचावयास शिकविले आहेच; आता दिवसाचा हिशेब लिहावयासही शिकवावे.

शेवटी, वेळ वाचविणे म्हणजे उतावळेपणा नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि किर्लोस्करवाडी वसली ती १९१० मध्ये. बावीस वर्षांची ही वाटचाल होती. ज्याने दिवस जपले, त्यालाच वर्षे वाट पाहणे परवडते. म्हणून रात्रीचे जेवण घरच्यांसोबत घ्या, झोप मोडू नका आणि उद्याचे पहिले काम आजच कागदावर लिहून ठेवा. एवढे केलेत तरी माझे येथे येणे सार्थकी लागले असे मी समजेन.