मामलेट-पाव आणि नऊ तास



युनियनचा माणूस व्याख्यानमालेत येऊन मामलेटावर बोलणार, हे ऐकून काहींना हसू आले असेल. पण सातवीनंतरचे माझे सारे शिक्षण लालबागच्या एका इराण्याच्या हॉटेलात, दुसऱ्यांनी वाचून टाकलेल्या वर्तमानपत्रांवर झाले. तेव्हा गुरुगृहाविषयी चार शब्द बोललो तर चालावे.

आमच्या घरी अंडे ही विकण्याची, नाहीतर कोंबडीखाली बसवण्याची वस्तू होती. १९८६ साली रात्रीच्या एस. टी. ने मी मुंबईस गेलो, त्या सकाळी वडिलांनी मला इराण्याकडे नेले. कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर बारीक चिरलेली. पेल्यात चमच्याने खडखडा फेटलेली दोन अंडी. कडा तांबूस होईपर्यंत तव्यावर भाजलेले ते मामलेट आणि बाजूला पाव. वडिलांनी स्वतःसाठी फक्त चहा मागवला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते, त्यांतले ते एक. गिरणीने त्यांना परत घेतले नाही.

हे इराणी याझ्द, केरमान या भागांतून आलेले. धोबी तलावाचे कयानी १९०४ चे, बॅलार्ड इस्टेटचे ब्रिटानिया १९२३ चे. कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून इतर व्यापारी घेत नसत आणि ती इराण्यांना मिळाली, असे सांगतात. मला वाटते, दोन रस्त्यांचे गिऱ्हाईक एकाच दारी येते हे इराण्याने ओळखले! ते असो. खरी गोष्ट ही, की तेथे कोणी कोणाची जात विचारीत नसे, आणि एका चहावर तासभर बसता येई. खोलीत दहा-पंधरा माणसे पाळीपाळीने झोपत, तेथे सभा कोठे भरणार? आमची पत्रके त्या संगमरवरी टेबलांवरच लिहिली गेली.

आता माझी चूक सांगतो. त्या हॉटेलातला वेटर आपल्या दापोली तालुक्यातलाच. पहाटे पाचला तो दार उघडी आणि रात्री दहानंतर टेबले जोडून त्यांवरच झोपे. सात-आठ वर्षे मी त्याच्या हातचे खाल्ले आणि त्याच टेबलावर कामाच्या तासांविषयी पत्रके लिहिली. एके दिवशी टेबल पुसता पुसता त्याने विचारले,

"दादा, ह्यात आमचं काय लिवलंय?"

काहीच लिहिले नव्हते! १९४८ चा दुकाने व आस्थापनांचा कायदा माझ्या पिशवीत होता. उपाहारगृहातील नोकराला दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला एक सुट्टी, असे त्यात स्पष्ट होते. गिरणीवाल्यांसाठी कायदा तोंडपाठ करणाऱ्या मला ते पान उलटावेसे वाटले नव्हते. (पुढे २०१७ चा नवा कायदा आला, तेव्हा दहापेक्षा कमी कामगारांची दुकाने त्यातून वगळली गेली. म्हणजे असली बहुतेक हॉटेले सुटलीच.)

आम्ही शेटजींकडे गेलो. ते रागावले, मीही माझ्या उधारीची आठवण होऊन जरा खालच्या आवाजात बोललो, हे कबूल करतो. नऊ तास काही झाले नाहीत. बारांवर तडजोड झाली. बुधवारची सुट्टी मात्र मिळाली.

पहिल्या बुधवारी त्याला कोठे जावे ते सुचेना. दहाच्या सुमारास धुतलेला सदरा घालून तो हॉटेलातच आला, माझ्यासमोर खुर्चीवर बसला आणि डबल मामलेट मागवले. शेटजी गल्ल्यावरून बघत होते. सावकाश खाऊन तो उठला, आणि दाराशी जाताना सवयीने स्वतःचेच बिल त्याने गल्ल्याकडे मोठ्याने पुकारले.